सहाला घरी येणारा माणूस

इंग्रजीत लेकराला रागावता येतं, हे मला वयाच्या विसाव्या वर्षी कळलं. तोवर मी इंग्रजी वाचत होते, लिहीत होते, मॅट्रिकला त्यात बरे गुणही होते. पण ती भाषा कुणाच्या तोंडून घरातल्यासारखी निघताना कधी ऐकलीच नव्हती. आमच्या अकोल्यात इंग्रजी म्हणजे औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, कोर्टाचा कागद आणि तार. तार आली की आई आधी रडायला बसायची आणि मग ती वाचायला मला हाक मारायची. एकदा मामाला नोकरी लागल्याची तार होती, तीही तिनं मी वाचण्याआधीच ओली करून ठेवली.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. शाळेत खालच्या वर्गांपासून इंग्रजी शिकवायचं घाटत होतं आणि त्यासाठी अमरावतीला बायकांचा एक प्रशिक्षण वर्ग निघाला. वडील कापसाच्या जिनात कामाला होते. त्यांनी कुणाला न विचारता माझा अर्ज भरला आणि पेटी खांद्यावर घेऊन मला गाडीत बसवून दिलं. मी तणतणतच गेले. मला नर्स व्हायचं होतं.

वसतिगृहात नावानं कुणी कुणाला हाक मारत नसे, सगळा कारभार गावावरून. मी अकोलेवाली, शेजारच्या खोलीत मूर्तिजापूरवाली, आणि माझ्या खोलीत बार्शीटाकळीवाली. ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायची. तिचा नवरा भुसावळकडे रेल्वेत होता. पहिल्या बाळंतपणाला तो तिला भावाकडे सोडून गेला आणि न्यायला आलाच नाही. मुलगी आता सहा वर्षांची होती. ती मामाकडेच राहायची, आणि ताई सुटीत भेटायला गेली की एकच विचारायची, "बाबा कधी येनार?" ताई सांगायची, "दिवाळीले येतीन." दिवाळी झालेली असली तर संक्रांत सांगायची.

भावानं तिला वर्षभराची मुदत दिली होती. तेवढ्यात नोकरी लागली तर पोरीला घेऊन जा, नाही तर मी तिला तिच्या बापाच्या घरी पोचती करतो. तिथे एकदा गेलेली पोर पुन्हा दिसायची नाही, हे ताईला पक्कं माहीत होतं. नोकरी मिळायची ती वर्ग पास झाल्यावर, आणि वर्ग पास व्हायचा तर तोंडी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. बाकी सगळ्या विषयांत ती आमच्या पुढे होती. इंग्रजी म्हटलं की मात्र तिची दातखीळ बसायची.

आमच्या शिक्षिका पुण्याच्या. आम्ही "का"ऐवजी "काहून" म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे, पण त्यांच्या हातात जादू होती. एका गुरुवारी त्यांनी दिवाणखान्याच्या खिडक्यांवर आमच्याच सतरंज्या टांगायला लावल्या. पांढऱ्या भिंतीवर मधोमध एक लाकडी खुंटी होती; ती काही केल्या निघेना, तेव्हा तशीच राहू दिली. मग त्यांनी टिनाच्या पेटीतून एक यंत्र काढलं, पदर खोचला आणि स्वतः त्यात फिल्मची पट्टी ओवली. दिवा लागला, यंत्र घरघरलं, आणि खुंटीच्या भोवती एक परदेशी स्वयंपाकघर उघडलं.

एक गोरी बाई पेल्यात दूध ओतत होती. पोरानं पेला लवंडला. आणि ती रागावली! माझ्या अंगावर काटा आला. आमच्या व्याकरणाच्या पुस्तकात इतक्या वर्षांत कधी कुणी रागावलं नव्हतं. तिथलं मांजर चटईवर बसायचं आणि बसूनच राहायचं. इथे बाई फडकं घेऊन धावली, "काय हे" अशा अर्थाचं काहीतरी बोलली, आणि पोरगं रडलं. ते मात्र अस्सल मराठीत रडलं.

"अव माय," मूर्तिजापूरवाली अंधारात मोठ्यानं म्हणाली, "याचं रडनं तं आपल्यासारखंच हाय!"

आम्ही इतक्या हसलो की बाईंना यंत्र थांबवावं लागलं. पण त्या रात्री जेवताना सगळ्यांच्या तोंडी तोच सांडलेला पेला. म्हणजे त्या देशातही दूध सांडतं, आणि ते सांडल्यावर म्हणायचे शब्द असतात. माझ्या तर डोक्यातून ते जाईचना. मला वाटायचं, साहेब लोक घरीसुद्धा अर्जासारखं बोलत असतील.

पुढे दर गुरुवारी तेच घर, तीच माणसं. त्या गोऱ्या बाईची एक रीत होती. हातानं जे करी ते तोंडानं सांगे. कप उचलताना उचलते आहे म्हणे, ठेवून झाला की ठेवला आहे म्हणे. ज्या क्रियापदांचे तक्ते मी गायत्रीसारखे घोकले होते ती सगळी तिच्या हातांत होती. चमचा, किटली, कढत, सांभाळून, जरा सरक, हे शब्द आम्ही पाठ केलेच नाहीत. ते आमच्याबरोबर स्वयंपाकघरात आले आणि तिथेच राहिले. मूर्तिजापूरवाली भाकरी थापताना "आय अ‍ॅम मेकिंग" म्हणायला लागली. पुढे भाकरीला शब्द नसल्यामुळे ती "भाकर" म्हणूनच वाक्य पुरं करायची.

मग आमच्या बाईंनी नवीन रीत काढली. चित्र चालू ठेवायचं आणि आवाज बंद करायचा. ओठ हलतील तसे संवाद आम्ही म्हणायचे. गोऱ्या बाईचं काम त्यांनी ताईला दिलं. का दिलं ते तेव्हा मला कळलं नाही, आणि मी मनातून थोडी रागावलेही, कारण ते मला हवं होतं. पण दिवा लागला, भिंतीवरची बाई वळली, तिनं तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून बार्शीटाकळीचा जाडाभरडा, शांत आवाज आला. ओठाला ओठ जुळत होते. दातखीळ कुठल्या कुठे गेली होती. मी ताईकडे बघत नव्हतेच, भिंतीकडे बघत होते, आणि त्या परक्या बाईला आपल्याकडची कुणीतरी लागली आहे असं मला वाटलं. मला चक्क भीती वाटली, आणि त्या भीतीत आनंदच जास्त होता. असं काही मी तोवर पाहिलं नव्हतं.

गाडी अडली ती नवऱ्यापाशी. जेवायच्या टेबलावर ती बाई नवऱ्याला नावानं हाक मारून मीठ मागत असे. ओठ हलून गेले. मग घाईघाईनं ताईचा आवाज आला, "अहो, पास द सॉल्ट, प्लीज!"

बाईंनी यंत्र थांबवलं. "नाव घ्या त्याचं. तो पडद्यावरचा माणूस आहे, तुमचे मिस्टर नव्हेत."

"माह्ये नाहीत, बाई," ताई म्हणाली, "पन आता मी हिच्या तोंडून बोलून राहिली ना. हिचे तं हायत."

बाईंनी यंत्र पुन्हा सुरू केलं. आम्हाला कुणालाच त्यात चूक दिसत नव्हती. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आम्ही पाळण्यापासून ऐकलेलं; मग तो नवरा गोरा असला म्हणून काय झालं? पुढचे कितीतरी गुरुवार त्या घरात "अहो"च चाललं, आणि खरं सांगते, ओठांना ते बरं जुळायचं.

शेवटच्या फिल्ममध्ये दारावर एक पार्सलवाला येई. नवरा घरी आहेत का, विचारी. बाई म्हणे, नाहीत. कधी परत येणार? ती म्हणे, ही इज कमिंग बॅक अ‍ॅट सिक्स ओक्लॉक. मग भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजत, दार उघडे, आणि तो माणूस आत येऊन टोपी टांगे. त्याची टोपी अडकवायची जागा आमच्या खुंटीच्या दोन बोटं बाजूला होती. दर वेळी आम्हाला वाटे, आज ही टोपी आमच्याच खुंटीवर राहणार. यंत्र बंद झालं तरी मी खुंटीकडे बघत बसायची.

ताई टोपीकडे बघत नसे. ती घड्याळाकडे बघे. एकदा सतरंज्या काढताना ती माझ्याशी हळूच बोलली, "येते बाप्पा हा. सांगितल्या वक्ताले येते."

मी सतरंजी झटकत राहिले.

परीक्षा जवळ आली तशी एकच चर्चा. बाहेरून साहेब येणार, तो नाव-गाव विचारणार, आणि लग्न झालेल्यांना नवऱ्याचं नाव विचारणारच. मूर्तिजापूरवालीनं धुण्याच्या दगडावर इंग्रजी उखाणा रचला: कप इज ऑन द टेबल, टी इज इन द कप, अमुकरावांचं नाव घेते, साहेब, स्टँड अप! आम्ही साबणाच्या हातांनी टाळ्या पिटल्या. ताईही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग पिळा झटकत म्हणाली, "नाव घ्याले तो समोर तं पायजे ना व."

मी तिला सांगितलं, कोणतंही खोटं नाव ठोकून दे, साहेबाला काय कळतंय.

"तिथं कागदावर लिहेल हाय. आन् खोटं काहून सांगू? मी काय चोरी केली?"

परीक्षा त्याच दिवाणखान्यात होती, दोघी-दोघींना बोलवत होते. मी आणि ताई एकत्र गेलो. साहेब चांगला माणूस होता, आवाज मऊ होता त्याचा. आमच्या बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. मला त्यानं टेबलावरच्या वस्तू विचारल्या, मी धडाधड सांगितल्या. मग तो ताईकडे वळला. नाव विचारलं, तिनं सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. मग त्यानं तो प्रश्न विचारला.

ताई गप्प. साहेबानं तोच प्रश्न पुन्हा, आणखी सावकाश विचारला. बाई खुर्चीत पुढे झुकल्या. माझ्या मनात एकच होतं, ही आत्ता बोलली नाही तर ती पोर गेली. मला ओरडून ते नाव सांगावंसं वाटलं, पण मलाही ते ठाऊक नव्हतं. वर्षभर एका खोलीत राहून मी ते कधी ऐकलं नव्हतं.

ताईनं मान वर केली. समोरच्या भिंतीकडे बघितलं, खुंटी होती तिथे. आणि त्या गोऱ्या बाईच्या सुरात, तिच्यासारखी मान किंचित तिरकी करून, तिनं ते नाव घेतलं. पूर्ण वाक्यात, उखाण्याशिवाय.

मी चटकन बाईंकडे बघितलं. साहेबाला अर्थातच काही वाटलं नाही. तो खूश होऊन पुढचं विचारू लागला. ते इथे अमरावतीत आहेत का? नाही, ते घरी नाहीत, असं ताई म्हणाली. फिल्ममधलंच वाक्य होतं. साहेबालाही त्या फिल्म पाठ होत्या; तो ओळखीचं हसला, आणि त्यानं पार्सलवाल्याचा पुढचा प्रश्न टाकला: कधी परत येणार?

उत्तर आम्हा सगळ्यांना पाठ होतं. सहा वाजता. झोपेतून उठवलं असतं तरी ताईनं ते सांगितलं असतं. माझे ओठ तिच्यासाठी हललेसुद्धा.

"ही," ताई म्हणाली आणि थांबली. भिंतीवरची नजर तिनं काढून घेतली होती. आता ती साहेबाकडे बघत होती, आणि आवाज तिचा स्वतःचा होता. "ही इज नॉट कमिंग बॅक."

हे वाक्य कोणत्याही फिल्ममध्ये नव्हतं. कुणी तिला ते शिकवलं नव्हतं. तिनं ते तिथे उभ्या-उभ्या जुळवलं होतं, आणि त्यात काना-मात्रेची चूक नव्हती. साहेबानं पेन खाली ठेवलं. आमच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. आणि मला, भर परीक्षेत, फिल्म पहिल्यांदा सुरू झाली तेव्हासारखाच काटा आला. भाषा अशी असते? परकी असूनही माणसाला इतकं बोलू देते?

बाहेर आल्यावर ताई नळावर घटाघटा पाणी प्यायली. मी म्हटलं, "ताई, तू नाव घेतलंस!"

"नाव त्या बाईनं घेतलं," ती तोंड पुसत म्हणाली. "येनार नाही म्हटलं, ते मी."

ती पास झाली. दर्यापूरच्या बाजूला एका गावात तिला शाळा मिळाली, राहायला शाळेचीच एक खोली. मुलीला आणायला ती बार्शीटाकळीला निघाली तेव्हा मी अकोल्याहून तिच्याबरोबर गेले. भावानं पोरीची गाठोडी बांधून दिली. परतताना मोटार स्टँडवर आम्ही बसची वाट बघत बाकावर बसलो. पोर मधे, पाय हलवत. मला वाटलं होतं, आज तरी ती विचारायची नाही. पण सवयीचा प्रश्न, तो आलाच.

"माय, बाबा कधी येनार?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. मग पोरीचा हात हातात घेतला आणि आपल्या भाषेत, एकेक शब्द जपून ठेवत, म्हणाली, "नाही येनार, माय. बाबा येनार नाहीत."

सहा वर्षं ती या एका वाक्याला घाबरत होती. पोरीनं क्षणभर विचार केला, नाक पुसलं, आणि विचारलं, "तिथं पाटी भेटते का नवी?"