चपला काढा, इंग्रजी चालू हाय

पूर्णा जंक्शनला रेल्वेच्या क्वार्टरांमागं दत्ताचं देऊळ होतं, त्याच्या सभामंडपात कुसुमबाई बालवाडी भरवायच्या. बालवाडी कुणी ठरवून काढली नव्हती. दुष्काळाच्या साली देवळात लेकरांना सुकडी वाटायचे, तिथं कुसुमबाई वाढायला उभ्या राहायच्या. सुकडी येईपर्यंत पोरं रडायला लागत, म्हणून त्यांनी गाणी सुरू केली. दुष्काळ सरला, सुकडी बंद झाली, पण पोरं काही यायची थांबेनात. मग देवळाचे पंच व्यंकटराव म्हणाले, "बाई, तुमी मॅट्रिक हाव. सांभाळा आता ह्यांना." नवरा भुजंगराव रेल्वेत सांधेवाला, दिवसभर गाड्यांचे रूळ बदलत. सासू धुरपताबाई खुटखुटीत. कुसुमबाईंनी हो म्हटलं, आणि दत्ताला नमस्कार करून सकाळी मंडप झाडायला लागल्या.

पुढं कुणीतरी आवई उठवली की मोठ्या शाळेत आता इंग्रजी येणारी पोरं आधी घेणार. झालं! क्वार्टरांतले आईबाप देवळात हजर. "बाई, आमच्या लेकरांला इंग्रजी शिकवा."

कुसुमबाईंना स्वतःला इंग्रजी भेटली पाचवीत, आणि ती आली तीच छडी घेऊन. मास्तरांनी स्पेलिंग विचारलं की यांची वाचा बसायची. ती धडकी ह्या एवढ्याशा पोरांच्या छातीत कशी भरायची?

संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना त्यांना सुचलं. पोरांना प्रार्थना फार आवडते. मग ह्या परक्या भाषेला प्रार्थनेच्या पदराला बांधून टाकावं.

दुसऱ्या दिवसापासून तसंच सुरू झालं. चपला पायरीशी. प्रार्थना संपली की जोडलेले हात तसेच, आणि बाई समोर तांब्या धरायच्या. "धिस इज वॉटर!" पोरं आरतीच्या चालीवर म्हणायची, टाळ्या वाजवायची. मग फूल, मग घंटी, मग पुजाऱ्याची छत्री. म्हणून झालं की दत्तापुढचे फुटाणे उजव्या हातावर. मंडप नुसता दणाणून जायचा. पुजारी म्हणायचा, "काकडआरतीला एवढी गर्दी न्हाई होत बाई!"

एके सकाळी किशनराव नातवाचा कान धरून आले. किशनराव म्हणजे निजामाच्या अमलातले, उर्दू शिकलेले, बोलणं तिखट. नातू सूर्यभान बालवाडीतला सगळ्यात मोठ्या आवाजाचा.

"बाई, तुमी काय शिकवायलाव ह्याला?"

"का हो काका? काय केलं त्यानं?"

"काल गोठ्यात गेला. चपला दाराशी काढल्या. बकरीम्होरं हात जोडून उभा राह्यला अन् म्हणला, 'गोट!' मग माझ्याम्होरं हात पसरला. म्हणलं, काय पाह्यजे? तर म्हणतो, परसाद! आता बकरीचा परसाद कुठून देऊ मी? लेंड्या देऊ का?"

देवळाच्या दाराशी टेकलेल्या धुरपताबाई पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या. कुसुमबाईंना मात्र हसू येईना. त्यांनी पोरांकडं पाहिलं आणि आज पहिल्यांदा त्यांच्या ध्यानात आलं, की पोरांच्या लेखी इंग्रजी म्हणजे पायांत काही घालून बोलायची भाषाच नव्हती. हात जोडल्याशिवाय ती बोलत नाहीत, आणि बोलली की प्रसाद मिळतोच.

गोष्ट गावभर झाली. व्यंकटराव आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "बाई, लोकं हसायलेत. परभणीहून एक कॉन्व्हेंटमधली बाई यायला तयार हाय. पण तुमच्यावर अन्याव नको. शनिवारी इंजिनशेडच्या फोरमनसाहेबांच्या मिसेस पिंटो येऊन बघतील, त्यांना इंग्रजी चांगली येती. त्या बरं म्हणल्या तर तुमी. न्हाईतर इंग्रजीसगट सगळी बालवाडी त्या नव्या बाईकडं."

सगळी बालवाडी! कुसुमबाईंना वाटलं, आपल्या हातातलं घरच कुणी उचलून नेतंय.

त्या कामाला लागल्या. "आता हात मांडीवर ठेवायचे बरं का! हं, हे काय?" समोर झेंडूचं फूल. सगळी गप्प. सूर्यभाननं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तोंड लालबुंद झालं, शब्द काही येईना. शेवटी हात सुटले, फटकन जुळले आणि "फ्लॉवर!" असा बार उडाला, की खांबावरची पारवी उडून गेली.

घरी येऊन कुसुमबाई गुडघ्यात मान घालून बसल्या. धुरपताबाई म्हणाल्या, "इद्या हाय ती. हात जोडले तर झिजले का पोरांचे?"

"आत्याबाई, त्या बाईसाहेब ख्रिश्चन आहेत. काय म्हणतील?"

"का? त्यांचा देव हात जोडू देत न्हाई का?"

शनिवार उजाडला. मिसेस पिंटो फुलाफुलांचा झगा, टाचेचे बूट, हातात पर्स आणि छत्री अशा आल्या. व्यंकटरावांनी त्यांच्यासाठी पायऱ्यांशी खुर्ची मांडली होती, बूट काढायची तसदी नको म्हणून. त्या बसल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, चिल्ड्रन!"

एक पोर बोलेना. सगळ्यांचे डोळे त्यांच्या पायांवर. कुसुमबाईंनी मनातल्या मनात दत्ताचा धावा केला.

तेवढ्यात सूर्यभान उठला, पायऱ्यांशी गेला आणि बुटाकडं बोट दाखवून म्हणाला, "बाई, चपला काढा. इंग्रजी चालू हाय."

"अरे ए!" व्यंकटराव ओरडले.

"क्या बोलता वो?" मिसेस पिंटोंनी विचारलं.

आता लपवायचं काय! कुसुमबाईंनी मोडक्या हिंदीत सगळं सांगून टाकलं. प्रार्थना, फुटाणे, बकरी, सगळं. मिसेस पिंटो ऐकत राहिल्या. बकरीपाशी त्यांनी ओठ दाबून धरले, पण खांदे हलायला लागले. मग त्या वाकल्या, बूट काढले आणि आत येऊन पोरांच्यात तरटपट्टीवर बसल्या.

त्यांनी छत्री वर धरली. "व्हॉट इज धिस?"

सगळे हात जुळले. "धिस इज अंब्रेला!" टाळ्यांसकट, आरतीच्या चालीत.

फुलाचं तसंच, पाण्याचं तसंच. मग सूर्यभाननं त्यांच्या पर्सकडं बोट केलं आणि उलट त्यांनाच विचारलं, "व्हॉट इज धिस?"

मिसेस पिंटोंनी पोरांकडं पाहिलं, पर्स मांडीवर ठेवली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, "धिस इज हँडबॅग."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यातली एक चिमुरडी उठली, दत्तापुढच्या ताटलीतून मूठभर फुटाणे घेतले आणि जपून मिसेस पिंटोंच्या हातावर ठेवले. शब्द बरोबर आला होता, मग प्रसाद द्यायला नको?

व्यंकटराव हळूच पुढं आले. "तर मग... बाईसाहेब, काय वाटतं?"

फुटाणे चावत मिसेस पिंटो म्हणाल्या, "परभणीवाली को मत बुलाव. बोलने का तरीका मैं आके सुधारूंगी, हर शनिवार. बाकी क्लास इस बाई का." आणि मग कुसुमबाईंकडं वळून, "हाथ जोडना मत छुडाव हां."

कुसुमबाईंनी हात जोडले आणि तोंडातून इंग्रजीच बाहेर पडलं, "थँक्यू." पोरांमागं बसलेल्या धुरपताबाईंनी उठून त्यांच्याही हातावर फुटाणे ठेवले.

त्यानंतर कितीतरी वर्षं ती बालवाडी चालली. सूर्यभान मोठा होऊन रेल्वेतच बुकिंग क्लार्क झाला. एकदा कुसुमबाईंच्या पाया पडायला आला तेव्हा सांगत होता, "बाई, वरचे साहेब तपासणीला येतात, इंग्रजीत बोलावं लागतं. लोकं घाबरतात. मी टेबलाखाली गुपचूप चपला काढतो अन् बोलत सुटतो."

कुसुमबाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "अन् रे, तिथं फुटाणे कोण देतं तुला?"

सूर्यभाननं खिशात हात घातला आणि मूठ त्यांच्यापुढं उघडली.