लिंबाच्या खिळ्यावरची किल्ली

"सही करतो, पण आधी तो फोटो फाडा," नाना म्हणाले.

फोटो माझ्या हातातल्या पुस्तिकेवर होता. पुस्तिका सरकारी, फोटो मंत्र्यांचा, आणि मंत्री नानांच्या विरोधी पक्षाचे. नाना म्हणजे गावातल्या एका पॅनलचे पुढारी. मी सहकार खात्यात अधिकारी होतो. सरकारी पुस्तिका फाडायचा अधिकार मला नव्हता.

सिरसाळ्याजवळच्या त्या गावात पाणी वापर संस्था नोंदवायची होती. म्हणजे गावातले चौदा बोअर एका पाइपलाइनला जोडायचे आणि प्रत्येक शेतकऱ्याला ठरल्या दिवशी सारखं पाणी द्यायचं, बोअर कुणाचंही असो. पाइप सरकारचे. अट एवढीच, की चौदापैकी आठ मालकांनी सोमवारच्या आत सह्या करायच्या. नाहीतर पाइप दुसऱ्या गावाला जाणार.

माझी भिस्त अण्णांवर होती. अण्णा म्हणजे नानांचे चुलतभाऊ आणि गावातल्या दुसऱ्या पॅनलचे पुढारी. फोटोतले मंत्री त्यांचेच. त्यांनी पुस्तिका कौतुकानं उघडली, पहिल्याच पानावर 'समान पाणीवाटप' वाचलं आणि लगेच मिटली.

"हे तर लाल बावट्याचं हाय, साहेब. आज पाणी वाटा म्हणत्याल, उद्या जमीन."

"अहो, योजना तुमच्याच सरकारची आहे!"

"आमचं सरकार असं करणार न्हाई. तुमीच खाली कायतरी घोळ केलाय."

एकाला फोटो नको, दुसऱ्याला शब्द नको. योजना दोघांनीही वाचली नव्हती. बाकीचा गाव या दोघांच्या तोंडाकडं बघून सही करणारा. मला हसू येत होतं आणि रागही.

शुक्रवारी बीडहून आमच्या साहेबांचा फोन आला.

"किती सह्या झाल्या?"

"एक."

"कुणाची?"

"कौसाबाईंची."

"त्यांच्या बोअरला पाणी किती आहे?"

"नाही, सर. आटलंय."

साहेबांनी फोन ठेवला.

कौसाबाईंची दीड एकर मोसंबी होती. नवरा वारलेला. दुष्काळात त्यांचं बोअर सगळ्यांच्या आधी गेलं. टँकरचं पाणी घागरीनं आणून त्या एकेका झाडाला घालत होत्या. "आठ वर्सं लेकरागत वाढवली," त्या म्हणाल्या. "ही वाळली तर मला पुन्हा कोयता घ्यावा लागंल." कोयता घेणं म्हणजे सहा महिने घर सोडून ऊसतोडीला जाणं. त्यांनी ते पुष्कळ वर्षं केलं होतं. ते ऐकल्यावर मला नुसतं ऑफिसात जाऊन बसवेना.

शनिवारी मी त्यांच्या बांधावर बसलो होतो. पलीकडं एक विहीर दिसत होती. अण्णा आले, मोटार बंद केली, स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावलं, किल्ली कडुलिंबाच्या झाडाला ठोकलेल्या खिळ्यावर अडकवली आणि गेले. थोड्या वेळानं नाना आले. खिळ्यावरची किल्ली घेतली, मोटार चालू केली. वाटेत दोघं समोरासमोर आले असतील, पण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून त्यांचं बोलणं बंद होतं.

"मावशी, हे काय?"

"पाळी. हीर त्यांच्या आज्याची, दोघांत सामाईक. तीन दिस याचं, तीन दिस त्याचं."

"भांडत नाहीत?"

"भांडत्यात की! पन पाळीवरून न्हाई." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "साहेब, ते पुस्तक जीपमदीच ठिवा. त्यास्नी खिळा दावा."

एवढी वर्षं सहकार शिकवत हिंडलो, आणि हे मला सुचलं नव्हतं.

रविवारी त्याच लिंबाखाली सगळे मालक बोलावले. ना पुस्तिका, ना मंत्री, ना समान वाटप. मी म्हटलं, "इथं दोन घरांची पाळी चालते. ती चौदा घरांची करायची. बास."

"आमचं पाणी दुसऱ्याला कावून द्यावं?" नानांनी विचारलं.

उत्तर कौसाबाईंनी दिलं. "नाना, औंदा माझं आटलं. फुडच्या साली तुमचं आटलं तर कुणाच्या दारात जाताल? अण्णाच्या?"

सगळे हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी खिळ्याकडं पाहिलं.

"पाळी म्हणजी आपली जुनी रीत हाय," अण्णा म्हणाले.

"मंग ह्या साहेबांनी आधी तसं कावून सांगितलं न्हाई?" नाना म्हणाले.

दोघा भावांचं निवडणुकीनंतर पहिल्यांदाच एकमत झालं, तेही माझ्याविरुद्ध. चालेल म्हटलं. संध्याकाळपर्यंत चौदाच्या चौदा सह्या झाल्या. पाइप आले. कौसाबाईंच्या बागेला पाणी मिळालं आणि कोयता वळचणीलाच राहिला.

पुढच्या वर्षी आष्टीकडची काही मंडळी संस्था बघायला आली. मी त्यांना घेऊन गेलो. कौसाबाईंनी सगळ्यांच्या हातावर एकेक मोसंबी ठेवली. पाहुण्यांनी नानांना विचारलं, "आमच्याकडं अशीच सरकारी योजना आलीया. घ्यावी का?"

"आजाबात नगं!" नाना म्हणाले. "सरकारी योजनेच्या नादी लागू नका. आमच्यागत घरची पाळी करा."

अण्णांनी जोरात मान हलवली. कौसाबाई पदराआड हसत होत्या. मी खाली मान घालून मोसंबी सोलत राहिलो. योजना चालायला हवी असेल, तर अधिकाऱ्याला गप्प बसता आलं पाहिजे. मोसंबी गोड होती.