चार पानं हैतीची

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी फ्रेंच राज्यक्रांतीवर निबंध लिहिला आणि त्यातली चार पानं हैतीला दिली. जयपूरच्या आमच्या कॉलेजात हैती कुठे आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही ते त्याच हिवाळ्यात लायब्ररीतल्या एका जाडजूड पुस्तकातून कळलं होतं. सगळी माणसं समान, असं पॅरिसात जाहीर झालं. हैतीत फ्रान्सच्याच ऊसमळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांनी ते खरं धरलं, बंड केलं, फ्रान्सच्या फौजेला हरवलं आणि स्वतःचं राज्य उभारलं. पुढे फ्रान्सनं युद्धनौका आणून त्यांच्याकडेच भरपाई मागितली. कशाची? तर मालकांच्या हातचे गुलाम गेले म्हणून! वाचताना माझा नुसता संताप झाला.

इतिहासाच्या सरांनी निबंध विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी निवडला होता. कॉलेजातून एकच नाव जायचं होतं आणि ते माझं असावं, असं मला मनापासून वाटत होतं. सर टिळकनगरात आमच्या समोरच राहायचे. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"बेटी, ये चार पन्ने निकाल दो. ढोल बजाकर देवी-देवता बुलाने वाले जंगली लोग! आज भी देखो, एक डॉक्टर वहाँ तानाशाह बना बैठा है."

"तानाशाह तो यूरोप में भी हुए, सर," मी म्हटलं. पानं काढली नाहीत. माझं नाव कापलं गेलं, आणि घरी येऊन मी पोटभर रडले.

बाबा इस्पितळात डॉक्टर होते. ते म्हणाले, "अगं, चार पानं गाळून काय बिघडलं असतं?"

"मतलब, हैतीच्या गुलामांनी तोफांपुढे हटायचं नाही आणि मी सरांपुढे हटायचं?"

 जयपूरजवळ चाकसूला शीतलामातेच्या जत्रेत बाबा दरवर्षी देवीची लस टोचायला जात. शेजारी ढोल वाजत असे, बायकांच्या अंगात येत असे. त्या माणसांना मी हसलेलं त्यांनी कधी खपवून घेतलं नव्हतं.

आठवड्याभरानं शीतलाअष्टमी आली. त्या दिवशी जयपुरात घरोघरी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं गार अन्न देवीला दाखवून खातात. सरांकडून नेहमीप्रमाणे ताट आलं. हात लावायचा नाही असं मी ठरवलं होतं, पण त्यांच्याकडचे गुळाचे तळलेले पुए मला फार आवडत. सगळे संपवले.

शेजारचं ताट रिकामं परत करायचं नाही, ही आईची शिस्त. ती साखरेचा डबा काढू लागली.

"राहू दे आई, मी भरते."

मी ती चार पानं ताटात ठेवली. शेवटच्या पानाखाली सरांसाठी हिंदीत लिहिलं: सर, आज तुमच्या घरी चूल पेटली नाही. यावरून तुम्हाला कुणी जंगली म्हटलं, तर मी त्याच्याशीही अशीच भांडेन.