सापाला दिलेला शब्द

गोठलेलं मांस गरम पाण्यात सुटायला लागलं की जो ओला वास येतो, त्यानं मला इथली, जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमधली एक दुपार आठवते. बायको गेली आणि पोरानं मला इथं आणून तिसऱ्या मजल्यावर कोंडलं. बाहेर बर्फ, भाषा येईना, म्हणून रोज त्याच्यामागं लागायचो, मला गावी सोड. नातीनं काचेच्या पेटीत सापाचं पिल्लू पाळलेलं. महिनाभर ते काही खाईना. तिनं फ्रीजरमधला मेलेला उंदीर गरम पाण्यात सोडवून चिमट्यानं पुढं धरला, तरी पिल्लानं तोंड फिरवलं. "आजोबा, एर श्टिर्ब्ट!" म्हणत ती रडायला लागली. मरतोय म्हणे. मला बायकोचा दहावा आठवला. कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा पोरगा ओरडला होता, "आई, बाबांना एकटं ठेवणार नाही!" आणि कावळा लगेच शिवला. त्या शब्दापायीच मी अडकलो होतो. तरी मी चिमटा हातात घेतला आणि सापाला म्हणालो, "खा बाबा, गावी जायचा हट्ट सोडला मी." त्यानं झडप घातली. नात नाचायला लागली. सापाला काय कळतंय, पण बायकोनं ऐकलं असेल, या भीतीनं मी पुन्हा तिकिटाचं नाव काढलं नाही. वीस वर्षं झाली, अजून इथंच आहे.