कंट्रोलरसाहेबांचा पोर्तुगाल

न्यूझीलंडमधल्या आमच्या फ्लॅट बुशच्या घरातून सकाळची गाडी बाबांच्या परवानगीशिवाय कधी निघाली नाही. मी ऑफिसला उशीर झाला म्हणून धावतपळत बाहेर यावं, तर बाबा ड्राइव्हवेत जँडल्स, म्हणजे तिथल्या रबरी चपला, घालून हजर. आधी मनगटावरचं घड्याळ बघणार, मग चारी चाकांवर नजर टाकणार आणि डिकीवर दोन थापा मारून म्हणणार, "जाऊ द्या!" थापा पडायच्या आत गाडी हलवली की संध्याकाळी जाब द्यावा लागे. एकदा मी वैतागून म्हटलं, "बाबा, हा स्टँड नाहीये." तर म्हणाले, "मग गाड्या कशा काय सुटतात इथून?"

बाबांनी सगळी नोकरी एसटीत काढली. त्यातली शेवटची अकरा वर्षं ते रेवदंड्याच्या स्टँडवर कंट्रोलर होते, म्हणजे खिडकीत बसून गाड्या सोडायच्या आणि लोकांच्या शिव्या खायच्या. आई गेल्यावर मी त्यांना न्यूझीलंडला घेऊन आले. मला वाटलं होतं, करमणार नाही त्यांना. कसलं काय! वर्षभरात अख्खी गल्ली ओळखीची झाली. समोरचा माओरी शेजारी असो की कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध-ब्रेड विकणारी बाई, सगळ्यांना आपला आणि माओरी नमस्कार एका दमात, "जय भीम, किआ ओरा!" आणि तेही लोक गंभीर चेहऱ्याने "जय भीम" म्हणायचे.

पोर्तुगालचं खूळही रेवदंड्याचंच. तिथून खाडीपलीकडे कोर्लई आहे आणि तिथल्या ख्रिश्चन वस्तीत अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. त्या गावची एक म्हातारी टोपली घेऊन स्टँडवर यायची आणि रोज खिडकीत डोकं घालून विचारायची, "साहेब, पोर्तुगालची गाडी किती वाजता?" बाबा म्हणायचे, "आत्ताच गेली बघ. उद्या ये." ही थट्टा कित्येक वर्षं चालली. मग म्हातारी वारली, बाबा रिटायर झाले. त्यांच्या अठ्ठ्याहत्तराव्या वाढदिवसाला मी सहज विचारलं, "काय हवंय तुम्हाला?" तर लगेच म्हणाले, "पोर्तुगाल. बघून तर येऊ, काय आहे तिथे."

झालं! आमच्या जेवणाच्या टेबलावर डेपो उघडला. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर लाल-निळ्या पेन्सिलीने लिस्बन, कोइम्ब्रा, पोर्तू. प्रत्येक गावासमोर पोचायची वेळ, सुटायची वेळ आणि मध्ये एक तिसरा रकाना. त्यावर लिहिलं होतं 'दम'.

"हे काय?" मी विचारलं.

"दम खायला वेळ. त्याशिवायचं वेळापत्रक नुसतं कागदावर छान दिसतं."

माझी लेक मैत्री तेव्हा सोळा वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "आजोबा, जस्ट यूज द ॲप!"

"तुझ्या ॲपला गुडघे आहेत का?"

"नो."

"मग त्याला चढ काय कळणार?"

"स्वीट ॲज, आजोबा," म्हणजे 'झकास', असं म्हणून ती हसत सुटली.

पुढे हुकूम निघाला की नव्या रूटवर ट्रायल घेतल्याशिवाय गाडी सोडायची नाही. म्हणून एका शनिवारी, दारात कार उभी असताना, मी आणि बाबा पोर्तुगालच्या भरलेल्या बॅगा घेऊन बसने दोन तासांवरच्या हॅमिल्टनला गेलो. नदीकाठी डबा खाल्ला. परत वर रस्त्यावर यायचा चढ म्हणजे काही डोंगर नव्हे, पण बाबा तेवढ्यात तीनदा थांबले. "इंजिन तापलंय जरा," म्हणाले. मी हसले खरी, पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप आवळत चालली होती. मांडीच्या नसेतून नळी घालून ती बदलता येते, हॉस्पिटल तारीख कळवेल, असं आमच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना सांगितलं. मधल्या काळात प्रवासाच्या विम्याचं उत्तर माझ्या ईमेलवर आलं. हृदयाचं काहीही झालं तर विमा लागू नाही. म्हणजे जाणं संपलंच. मी ते वाचलं आणि स्वयंपाकघरात डोकावले. बाबा भिंग लावून पोर्तूच्या पुलावरून चालत जायला किती मिनिटं लागतील याचा हिशेब मांडत होते.

"विम्याचं आलं का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून. येईल," मी म्हटलं.

असं एकदा नाही, पाच आठवडे म्हणत राहिले. म्हटलं, म्हातारा जीव आहे, खूश आहे, राहू दे. त्यांनी केस कापून घेतले. कोथिंबिरीच्या वाफ्याला पाणी घालायला समोरच्या शेजाऱ्याला नेमलं. आणि दर वेळी मी भित्र्यासारखी विषय बदलायची.

फुटलं ते डॉक्टरीणबाईंकडे. विम्याचं मी त्यांना कळवलं होतं; बाबांना बोलू नका, हे सांगायचं सुचलं नव्हतं. त्या बाबांना सहज म्हणाल्या, "पोर्तुगालचं ऐकून वाईट वाटलं. पण मग तुम्ही हॉस्पिटलची तारीख का नाकारलीत?"

मी उडालेच. हॉस्पिटलमधून बाबांना फोन आला होता आणि त्यांनी ऐटीत सांगितलं होतं, "आफ्टर पोर्तुगाल, प्लीज." माझ्या एका "येईल"पायी त्यांची झडप पुढे ढकलली गेली होती.

परत येताना घराजवळच्या सिग्नलला बाबांनी विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुला?"

"पाच आठवडे."

"गाडी रद्द होते, बाळ. त्यात पाप नाही. माझ्या हातून शेकड्यांनी झाल्या. पण रद्द झालेल्या गाडीसाठी मी माणसाला बाकावर बसवून नाही ठेवलं कधी. खिडकी उघडून तोंडावर सांगायचो. लोक आई-बहिणीवरून शिव्या द्यायचे, पण मोकळे व्हायचे. कोणी टेम्पो बघायचा, कोणी चालत निघायचा, कोणी परत घरी जाऊन जेवायचा. त्याचं त्याला ठरवता यायचं." मग खूप हळू म्हणाले, "माझ्याकडे असे पाच-पाच आठवडे किती उरलेत गं?"

सिग्नल हिरवा झाला, मागचा हॉर्न वाजवायला लागला, तरी मला गाडी हलवता येईना. मी रडत होते. बाबांनीच हात बाहेर काढून मागच्याला थांबवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः हॉस्पिटलला फोन केला. कोणाची तारीख रद्द झाली तर मला बोलवा, मी तयार बसलोय, असं त्यांच्या कडक इंग्रजीत सांगितलं. पुढच्याच महिन्यात नवी झडप बसली. वर्षाने विमा मिळाला आणि आम्ही खरंच पोर्तुगालला गेलो. लिस्बनमध्ये किल्ला बघायला मात्र ते साफ नाही म्हणाले. "किल्ले कोर्लईला बघितलेत." त्याऐवजी सबंध सकाळ बसस्टँडवर बसले. गाड्या सोडणारी तिथली बाई अधूनमधून घड्याळ बघायची, तेव्हा हेही बघायचे. शेवटी तिच्यापाशी जाऊन त्यांनी आपलं मनगट पुढे केलं. तिने आपलं केलं. बाबांचं दोन मिनिटं मागे होतं. त्यांनी मुकाट्याने पुढे केलं आणि तिला सॅल्यूट ठोकला. इतकं खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं.

पुढची तीन वर्षं छान गेली. मग पोटात दुसरंच दुखणं निघालं. स्कॅननंतर बाबांना झोप लागली होती. डॉक्टर मला बाहेर म्हणाले, "ते जागे झाले की मी सांगू, की तुम्ही सांगता?"

"मीच सांगते."

दुपारी त्यांना जाग आली. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, "बाबा, यावर उपाय नाही. दोन महिने म्हणतायत."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास," म्हणाले. "फोन दे. अलिबागला तुझ्या आत्याला लावतो."

आत्याने फोन उचलल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आक्के, तुझ्याकडे येऊन राहिलो तर चालेल?"

आठ दिवसांत आम्ही निघालो. बाबांनी तिच्या पडवीत खाट टाकून घेतली, रेवदंड्याचे जुने ड्रायव्हर-कंडक्टर एकेक करून भेटून गेले, रोज दोन्ही भावंडं भांडत भांडत पेज प्यायची. सहाव्या आठवड्यात एका सकाळी, आत्याशी बोलता बोलता, बाबा गेले. मी गप्प बसले असते, तर त्या सकाळी ते फ्लॅट बुशला पुढच्या तपासणीची वाट बघत बसलेले असते.