माझ्या नावाचं मोहाचं झाड

साकोलीच्या स्टँडवर नागपूरची गाडी लागली तरी आईचा पत्ता नव्हता. बाबा माझी सुटकेस धरून उभे होते आणि सारखे रस्त्याकडे बघत होते. पोरगी नोकरीसाठी पहिल्यांदा पुण्याला चाललीय आणि आई मोहाची फुलं वेचायला गेलीय, म्हणून मी फुरंगटून खिडकीपाशी बसले होते. कंडक्टर घंटी मारणार तेवढ्यात ती आली, कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून, रानातून थेट. पदराला पाचोळा चिकटलेला, हातांना मोहाचा गोड, जरासा आंबूस वास. खिडकीतून हात घालून तिनं माझा गाल धरला आणि म्हणाली, "पोचली का फोन करजो. आन् रडू नोको, लोकं पायतेत." रडत तीच होती.

तुमच्यापैकी जे आपल्या एकोडी गावातच राहिले त्यांना मोह काय सांगायचा? पण जे माझ्यासारखे निघाले, त्यांच्या पोरांसाठी सांगते. आमच्याकडे धान कापून झालं की शेताच्या बांध्यांमध्ये लाखोळी डाळीची निळी फुलं येतात. मग पळस पेटतो, सावर लाल होते, आणि उन्हं तापायला लागली की मोह गळतो. फुलं पहाटे पडतात, टपटप, पिवळसर, द्राक्षाएवढी. ऊन चढायच्या आत, गुरं-हरणं यायच्या आत ती वेचायची. वाळवलेले मोह आमच्या घरी वर्षभर पुरायचे. आई ते भाजून तिळासोबत कुटायची आणि लाडू वळायची. मला लहानपणी ते आवडत नसत. आता पार्सल आलं की मी कुणाला न दाखवता खाते.

इथे पुण्यात मी एका लॅबमध्ये रक्त तपासते. आमच्या सोसायटीतही वसंत येतो, नाही असं नाही. गेटजवळचं एक झाड गुलाबी होतं आणि ग्रुपवर त्याचे फोटो सुरू होतात. खाली पडलेली फुलं 'कचरा' म्हणून सकाळी झाडून नेतात. मीही फोटोला अंगठा देते, पण माझं लक्ष दुसऱ्याच फोनकडे असतं. फाल्गुन लागला की चैत्र सरेपर्यंत मी रोज सकाळी आईच्या फोनची वाट बघते.

कारण आता आमच्या रानात वाघ आहे. आधीही होता म्हणतात, पण आत होता. आता तो तळ्याच्या पाळीपर्यंत येतो. मागच्या वर्षी शेजारच्या गावातली एक बाई मोह वेचायला गेली ती परतली नाही. ती बातमी मी लॅबमध्ये चहा पिताना मोबाईलवर वाचली. गावाचं नाव सापडेपर्यंत मी मजकूर भराभर वर सरकवत गेले. आणि आमचं गाव नाही हे कळल्यावर मला हायसं वाटलं, याची नंतर फार लाज वाटली.

आई उजाडताना निघते. तळ्याची पाळ ओलांडली की रेंज जाते. परत आली की फोन करते, "आली वो मी घरी," एवढंच. तो फोन येईपर्यंत मी चहा गाळते, डबा भरते, बसमध्ये चढते, पण यातलं काहीही मी करत नसते. एकदा दुपार झाली तरी फोन नाही. मी बाबांना लावला. "येईन नं आई, काहून घाबरून राहिली?" ते म्हणाले. पण पहिल्या रिंगलाच त्यांनी फोन उचलला होता. शेवटी कळलं, आईसाहेब केव्हाच परतल्या होत्या. फोन टोपलीत मोहाखाली दबून बंद पडला होता आणि त्या शेजारणीच्या अंगणात फुलं पसरत बसल्या होत्या. मी लॅबच्या जिन्यात उभी राहून आईला ओरडले. "बाजारातून घे नं विकत! कोण म्हणते जा म्हणून?"

तिनं फोन ठेवून दिला. संध्याकाळी बाबांचा फोन आला. बाबांचे गुडघे गेलेत, रानात त्यांना जाता येत नाही. घरात बसून सगळं बघणं एवढंच त्यांच्या हाती आहे. म्हणाले, "सातबारा शेताचा असते, मोहाचा नाई. झाडाखालची जागा जो झाडते अन् वेचते, त्याचं झाड. एक साल सोडलं का दुसरा कोनी झाडू घेऊन येते. ते झाड तू जन्मली तवापासून तिनं तुह्या नावानं धरलं आहे."

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, आईला सवय आहे, हट्ट आहे, मोहाचं वेड आहे. आणि ती वाघाच्या रानात जात होती ती माझं झाड राखायला. त्या झाडाखाली मी नोकरी लागल्यापासून एकदाही गेले नव्हते. मी दिवाळीला जाते, लग्नाला जाते. मोहाच्या दिवसांत कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी आईला म्हटलं, "झाड शेवंताकाकूले देऊन टाक. मले नाई पायजे." शेवंताकाकू शेजारची, रोज आईबरोबर जाणारी. मला वाटलं, आई सुटली एकदाची.

आईनं विचारलं, "मंग तू कायले येशीन?"

"तुमच्यासाठी" असं मी लगेच म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, बस आली, ठेवते. मी रजा टाकली आणि यंदा चैत्रात घरी गेले.

पहाटे बायका मोठमोठ्यानं बोलत, डबे वाजवत रानात शिरल्या आणि मग आपापल्या झाडाकडे पांगल्या, हाकेच्या अंतरावर. माझं झाड मी पहिल्यांदा नीट बघितलं. बुंधा दोघींच्या कवेत मावणार नाही एवढा. खालची जमीन आईनं अंगणासारखी लख्ख झाडून ठेवली होती. मी वेचायला वाकले तशी आई माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, हातात काठी, नजर झुडपांत.

"वाकलेला माणूस त्याले चार पायाचं जनावर वाटते," ती म्हणाली. "म्हून एकीनं वेचाचं, एकीनं उभं राहाचं."

"मी नसते तवा कोण उभं राहाते?"

"वेच तू. ऊन येऊन राहिलं."

रजा संपली, मोह संपला नव्हता. मी पुण्याला आले. इथे दार आहे, सोफा आहे, हप्ते फेडलेली भिंत आहे, आणि याला मी लोकांसमोर घर म्हणते. पण सकाळी आईचा फोन येईपर्यंत माझं घर त्या झाडलेल्या जमिनीएवढंच असतं. त्यात आई वाकलेली असते, आणि तिच्या मागे कुणीच नसतं.

पुढच्या चैत्राची रजा मी आत्ताच मागून ठेवली. एवढ्या आधी? साहेबांनी विचारलं, घरी काही कार्य आहे का?

मी म्हटलं, नाही सर, उभं राहायचं आहे.