खिशातले हात

निमकरकाका कुणाच्याही घरी गेले की बूट काढण्याआधी भिंत वाजवून बघायचे. मधलं बोट वाकवून तीनदा ठकठक, मग कान देऊन क्षणभर थांबायचं, आणि मग एकतर नुसतं "हं", नाहीतर "हे कोणी करून ठेवलंय?" न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमधल्या आम्हा मराठी मंडळींपैकी ज्यांना "हं" मिळाला ते त्यांना पुन्हा जेवायला बोलवत. बाकीचे बोलवत नसत.

पेशाने ते स्ट्रक्चरल इंजिनीअर. २०११ च्या भूकंपानंतर कोणती इमारत धोक्याची, कोणती सुरक्षित ते ठरवून त्यांवर लाल, पिवळे, हिरवे स्टिकर लावत जी माणसं शहरभर फिरत होती, त्यांतले एक. मी त्यांच्याच ऑफिसात ड्रॉइंग्ज करायचो. "कागद मालकाचं ऐकतो रे मिलिंद, भिंत कुणाच्या बापाचं ऐकत नाही," हे मला दिवसातून चारदा ऐकावं लागे. आमच्या मंडळाने गणपतीसाठी एक जुना विटांचा हॉल मिळवला होता. आरास अर्धी झालेली असताना काकांनी ठकठक केली आणि सगळ्यांना आरडाओरडा करून बाहेर काढलं. त्या वर्षी आरती कुणाच्या तरी गॅरेजमध्ये झाली. हॉल आजही उभा आहे. लोकांना तेवढंच लक्षात राहिलं.

२०१६ साली मंडळातले आम्ही अठराजण चीनच्या सहलीला गेलो. काकांनी हट्टाने त्यात एक गाव घालायला लावलं होतं. पूर्वी युन्नान प्रांतातून तिबेटकडे खेचरांवर चहा लादून नेत, त्या वाटेवरचं. दगडी रस्त्यावर खुरांनी पडलेले खळगे, मधोमध चौक, भोवती लाकडी घरं. काका तिथे लहान मुलासारखे धावत सुटले. एका घराच्या खांबाला त्यांनी चक्क मिठी मारली. "बघ, एक खिळा नाही! लाकडात लाकूड अडकवलंय नुसतं. धरणी हलली की भिंत पडते, पण हा सांगाडा उभा राहतो. माणसं वाचतात रे!" त्यांचे डोळे भरून आले होते. वसुधाकाकू हसून म्हणाल्या, "लग्नात माझ्याकडे असं बघितलं नव्हतं हो."

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण गाइड मुलीने आम्हाला कोपऱ्यावरच्या चहाघरात नेलं. तीनशे वर्षांपूर्वीचं, असं ती म्हणाली. वर सज्जा होता, त्यावर सगळ्यांचा फोटो काढायचा होता. काकांनी खालचा खांब वाजवला आणि त्यांचा चेहरा बदलला. पुन्हा वाजवला. मग ते जिन्याच्या तोंडाशी हात पसरून उभे राहिले.

"कुणी वर जायचं नाही. आत नुसता बारका लोखंडी पाइप आहे, वरून फळ्या ठोकून रंग दिलाय. खोटं आहे सगळं! अठरा माणसं एकदम चढवताय?"

गाइड बिचारी लालबुंद झाली. हे मालक आपल्या ओळखीचे आहेत, रोज लोक वर जातात, असं ती इंग्रजीत पुन्हा पुन्हा सांगत होती. चौकातले लोक थांबून बघायला लागले. मंडळातली माणसं एकमेकांकडे बघत होती. काका हलेनात. आणि माझा तोल गेला.

"पुरे करा काका! जिथे जाल तिथे तुम्हाला मरणच कसं दिसतं हो? कंटाळलेत लोक तुमच्या या ठकठकीला. त्यांच्या तोंडून निघत नाही म्हणून मी सांगतो. पुढच्या महिन्यात माझ्या नव्या घरी याल ना, तेव्हा हात खिशात ठेवून या!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाजूला झाले. आम्ही वर गेलो, फोटो काढला, खाली आलो. सज्ज्याला काहीही झालं नाही. फोटोत काका नाहीत.

वास्तुशांतीला ते आले. माझं घर भूकंपानंतर दुरुस्त केलेलं. बिल्डरने "स्वीट ॲज", म्हणजे एकदम झकास, म्हणून किल्ली हातात दिली होती. काका दारात थांबले, भिंतीकडे पाहिलं, आणि दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घालून आत आले. फक्त जेवताना काढले, जेवण झाल्यावर पुन्हा घातले. मला दिसत होतं. "काका, बघा ना जरा," एवढे चार शब्द म्हणायचे होते. पण मी तरी कसला, आधी त्यांनी बोलावं म्हणून ताठ राहिलो. "छान आहे घर," ते जाताना म्हणाले. आयुष्यात त्यांनी कुणाच्या घराला छान म्हटलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात ते हृदयविकाराने गेले.

दिवस झाल्यावर काकूंनी मला सांगितलं. भूकंपाच्या आधी ऑफिसजवळ एक कॅफे होता, काका रोज तिथे चहा घ्यायचे. त्याची रस्त्याकडची भिंत त्यांना पोकळ वाटली होती. आपलं काम नाही, कशाला लोकांना घाबरवा, म्हणून ते गप्प राहिले. फेब्रुवारीतल्या त्या भूकंपात ती भिंत पडली. चहा देणारी मुलगी तिच्याखाली सापडून गेली. "तेव्हापासून ते गप्प बसत नसत," काकू म्हणाल्या. "तुझ्या घरून आले त्या दिवशी मात्र गाडीत एक शब्द बोलले नाहीत."

मला आधी काकूंचाच राग आला. हे मला आधी का नाही सांगितलंत? मग काकांचा आला. एवढं मनाला लावून घ्यायचं? मी रागाच्या भरात बोललो, लहान होतो तुमच्यापुढे, कान धरायचा होता माझा. हॉलमधून शंभर माणसांना बाहेर काढलंत, आणि माझ्या एका वाक्याने हात खिशात घातलेत?

इन्स्पेक्टरला बोलावून घर तपासून घेतलं. रिपोर्टमध्ये काही दोष नाही. तरी जमीन जराशी थरथरली की मी उठतो आणि मधलं बोट वाकवून दारालगतची भिंत वाजवतो, तीनदा. आवाज येतो. तो चांगला की वाईट, हे मला अजून कळत नाही.